शेऱ्याचा रकाना

उगावच्या शिवारात माझं काम एवढंच:
मोबाईल मागायचा, ॲप टाकून द्यायचं,
गट नंबर, छाटणीची तारीख, दोन ओळींमधलं अंतर भरायचं
आणि स्कूटीला किक मारताना म्हणायचं,
काका, रोज उघडत जा.

केदूआबा गायखे मोबाईल देतात
पण बोट सुटत नाही त्यांचं त्याच्यावरून.
"काय सांगू राह्यलं हे?"
पानावर किती वेळ ओल राहिली ते, आबा.
डावणी कधी येईल ते.
आबा हसत नाहीत.
पहाटे पाचला ते उलट्या हाताने पान चाचपतात,
तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसं.
"याला हात हाये का?"
प्रशिक्षणात याचं उत्तर दिलेलं होतं.
मी चहा घेतला.

बबन ढोमसेकडे तीन ॲप आहेत.
तिघांचं तीन तऱ्हेचं. जे त्याच्या मनातलं बोलेल
त्याचं तो ऐकतो.
परवा तिन्ही एकच बोलले
तर घाबरून थेट कृषी केंद्रात गेला.

विलास पानगव्हाणे उघडतच नाही.
शेजारच्या बागेत ब्लोअर सुरू झाला
की तोही टाकीत पाणी सोडतो.
शेजारी कशावरून ठरवतो, हे मी विचारलं.
शेजारी म्हणाला, विलासवरून.

हे सगळं मला एका तक्त्यात बसवायचं असतं.
स्वीकार: उच्च, मध्यम, नगण्य.

मथुराबाई निफाडे मात्र कुठे बसेना.
बाग त्यांच्या हातची, नंबर मालकांच्या नावचा.
ओटीपी पिंपळगावच्या मार्केटात वाजला,
लिलावाच्या गोंगाटात मालक ओरडून आकडे सांगत होते,
आणि त्या डाव्या तळहातावर पेनाने लिहून घेत होत्या.
मग म्हणाल्या, "तुम्ही जा आता. मी बघते."

महिनाभर त्यांनी औषधाचा रकाना कोरा ठेवला.
खालचा भरला. शेरा, ऐच्छिक.

'धुकं. समोरची ओळ दिसेना.
बाया आल्या नाहीत, सुरगाण्याला लग्न आहे.'

'फवारलं. यात लिहिलं होतं म्हणून नाही.'

'कोपऱ्यातल्या तारेवर चिमणीने घर केलं.
ती ओळ राहिली. मुद्दाम.'

'आज हे बरोबर निघालं.
ह्यांना सांगितलं नाही.'

गंगापूर रोडच्या ऑफिसात, एसीखाली,
पुण्याहून आलेला साहेब पडदा खाली सरकवत म्हणाला,
यातून काही निघत नाही.
मी म्हणाले, निघतं.
काय?
माझ्या डोळ्यापुढे ती चिमणी आली,
आणि तक्त्यात तिला जागा नव्हती.
शेवटी तडजोड झाली:
रकाना राहील, अक्षरं चाळीस.

मी उगावला जाऊन हे सांगायला हवं होतं.
वडनेर भैरवकडची गावं आली वाटणीला, राहून गेलं.

डिसेंबरात पारा उतरला.
रात्रभर ॲपने सगळ्यांना एकच इशारा पाठवला,
लाल त्रिकोणात.
किती जणांनी उघडला, त्याचा आलेख सकाळी माझ्याकडे आला.
केदूआबांनी उघडला होता, तीन वाजून दहा मिनिटांनी.
का उघडला, ते आलेखात येत नाही.
कदाचित हात बधिर झाला असेल.
कदाचित झोप येत नसेल.

मथुराबाईंनी उघडला नव्हता.
दुपारी त्यांची नोंद आली,
जिथे जागा संपली तिथे तुटलेली:

'चार वाजता शेकोट्या पेटवल्या. सगळ्या बागेत धूर.
मोबाईल घरी ठेवला. हात मोकळे पाहिजेत. आणि